वेगळं ठाण

रत्नागिरीत घोड्यांचं हॉस्पिटल आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "रत्नागिरीत घोडे आहेतच कुठे?" मी म्हणते, किनाऱ्यावर तुमच्या मुलांना चक्कर मारून आणतो तो कोण? आणि समोर डीजे धडधडत असताना तुमच्या भाच्याला पाठीवर घेऊन वरातीत मुकाट उभा राहतो तो कोण? मग हसणं थांबतं. हॉस्पिटल म्हणजे तरी काय, मिरजोळ्याच्या एमआयडीसीच्या पलीकडे जांभ्याच्या भिंती, वर पत्रे, पुढे कुत्र्या-मांजरांच्या दोन खोल्या आणि मागे घोडे बांधायला ओळीने चार ठाणी. एक धर्मादाय संस्था ते चालवते. मी तिथली पगारी डॉक्टर. माझ्या तोंडाबद्दल संस्थेकडे बऱ्याच तक्रारी आहेत आणि त्या सगळ्या खऱ्या आहेत.

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास एक पांढरी घोडी आली. टेम्पोतून उतरताना फाटका पत्रा तिच्या मागच्या पायाला, सांध्याच्या अगदी जवळ लागला होता. जखम खोल होती, पण ताजी आणि स्वच्छ. मी धुतली, टाके घातले. तिचा मालक शहराला लागून असलेल्या बौद्धवाडीतला, चाळिशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. मुंबईतली कंपनी बंद पडल्यावर गावी आला आणि हाताशी होतं नव्हतं ते घालून त्याने ही घोडी घेतली. तुळशीची लग्नं झाली की वराती सुरू होतात, आणि त्याचं सगळं घर त्या घोडीच्या पाठीवर. त्याला एवढंच हवं होतं, की तोवर ती चारी पायांवर उभी राहावी. "राहील," मी म्हणाले. मी सहसा असा शब्द देत नाही, पण जखम पाहून दिला.

शेजारच्या ठाणावर एक तांबडा घोडा होता, किनाऱ्यावर चकरा मारणारा. खोगीर घासून त्याची पाठ सोलली होती आणि काही केल्या भरत नव्हती. त्याचा मालक संगमेश्वरकडच्या आतल्या गावातला, शेतकरी घरातला. हॉस्पिटलात येण्याआधी त्याने दुकानातून इंजेक्शनं आणून स्वतःच टोचली होती. दोन दिवस हे, गुण नाही म्हणून दोन दिवस ते, जरा बरं दिसलं की बंद. आमच्याकडे अँटिबायोटिक म्हणजे बिस्किटाचा पुडा, हवा तेव्हा फोडावा, नको तेव्हा ठेवून द्यावा. त्या अर्ध्यामुर्ध्या डोसांतून जे जंतू वाचले ते शिकून-सवरून बसले. मी जखमेतला पू तपासायला पाठवला, आणि उत्तर आलं ते मला भीती होती तेच. नेहमीच्या एकाही औषधाला ते जंतू दाद देणार नव्हते.

असे जंतू वाऱ्यावर उडत येत नाहीत. ते हातावरून जातात, खरारा करायच्या ब्रशवरून जातात, बादलीतून जातात, घोड्याच्या नाकपुडीत मुक्काम ठोकतात. त्यांच्यावर इलाज जुनाच आहे. घोडा वेगळा बांधायचा, त्याची बादली वेगळी, ब्रश वेगळा, हात लावणारा माणूस एकच, आणि त्याने दर वेळी हात धुवायचे. आवारात मागे एक रिकामं गोदाम होतं, हवेशीर. तांबडा आजपासून तिकडे, असं मी सांगितलं.

तांबड्याचा मालक माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, वाळीत टाकताय काय त्याला?"

मी म्हटलं, अहो, वाळीत कसलं, आजार आहे.

"माज्या आज्याला गावकीनं वाळीत टाकल्यानी," तो म्हणाला. "शिमग्याला देवाची पालखी आमच्या दारावरनं सरळ पुढं जायची. माजी आय वटीच्या कडेला ताट घेऊन उभी ऱ्हायची, दर वर्साला. आता ह्या मुक्या जनावराच्या पण नशिबी तेच?"

घसा कोरडा पडेपर्यंत मी त्याला समजावलं. जंतू म्हणजे काय, ते कुठे बसतात, कशाने मरतात, सगळं. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि त्याला सगळं कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. मान हलवून झाल्यावर तो उठला आणि थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेला.

अध्यक्ष गोड माणूस. गोड माणसांची मला फार धास्ती वाटते. ते मला म्हणाले, "डॉक्टर, नियम बरोबर आहेत हो तुमचे, पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही? उगाच गावात बोभाटा नको. मध्ये एक पडदा लावू." आणि खरोखरच एक ताडपत्री आणून दोन ठाणांच्या मध्ये टांगली. जंतूंना पडदा कळतो का, असं मी विचारलं. ते हसून म्हणाले, "तुम्ही फार चिडता बुवा." देणगीदारांच्या कानावर नको ते जाऊ नये, एवढीच त्यांची माणुसकी. सगळ्यांना सांभाळायचं म्हणता म्हणता त्यांच्याकडून घोडा तेवढा सांभाळायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा आवारात चार-पाच घोडेवाले जमले होते. डॉक्टरीणबाईंनी एकाचा घोडा बाजूला काढला, ही बातमी किनाऱ्यापर्यंत गेली होती. तांबड्याचा मालक पायरीवर एकटाच मान घालून बसला होता. त्याच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं. तेवढ्यात पांढऱ्या घोडीचा मालक उठला. त्याने ताडपत्री वर केली, तांबड्याच्या नाकावरून, मानेवरून हात फिरवला, त्याच्या पुढ्यातली अर्धी प्यायलेली बादली उचलली आणि सगळ्यांच्या देखत आपल्या घोडीपुढे ठेवली. घोडीने नाक बुडवून पाणी ओढायला सुरुवात केली. तो त्याच हाताने तिचं तोंड कुरवाळत म्हणाला, "घ्या. आमच्या घोडीनं त्याचं पाणी प्यायलान. आता बोला."

ज्याला ही जमीन माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. वाळीत टाकलेल्या घराशी पुन्हा संबंध जोडायचा तर कोणीतरी पुढे होऊन त्या घरचं पाणी प्यावं लागतं. त्याने ते केलं होतं. मी धावत जाऊन बादलीला लाथ मारली. बादली कलंडली, पण पाणी तोवर संपत आलं होतं. मी त्याच्यावर ओरडले, वेड लागलंय का तुम्हाला म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या आज्याला विहिरीवर चढू दिल्यानी नाय. ओंजळीत वरनं पाणी वततील तेवढा प्यायचा. कोणाचा पाणी बाटलाय, असं माज्या तोंडातनं येणार नाय." त्याच्या थोबाडीत मारावी आणि त्याच्या पायाही पडावं, अशा दोन्ही इच्छा मला एकदम झाल्या. इतकं चांगलं आणि इतकं वाईट काम एकाच हाताने, एकाच वेळी झालेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. घोडेवाल्यांमध्ये मात्र जीव आला. कोणीतरी चहा सांगितला, सगळे तांबड्याच्या मालकाभोवती बसले, आणि ताडपत्री गुंडाळून वर बांधली गेली.

घोडीचा पाय आठवडाभरातच गरम लागायला लागला. टाक्यांमधून पाणी, मग पू. तपासणीचं उत्तर तेच, अक्षरशः तेच. जी एक-दोन औषधं उरली होती ती माणसांच्या अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवायची असतात, आणि तोवर पू सांध्यात उतरलाच होता. ती तीन पायांवर उभी राहिली, मग भिंतीला टेकून, मग आडवी झाली ती उठली नाही. एका दुपारी मी तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. तिच्या मालकाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अध्यक्षांनी हार पाठवला. ज्यांनी चार पैशांचं शहाणपण पाठवलं नाही त्यांनी झेंडूचा हार पाठवला, म्हणून मी तो गेटवरूनच परत केला. जेसीबीने खड्डा खणून, चुना टाकून आम्ही तिला पुरलं.

हात धुताना त्याने विचारलं, "मॅडम, माज्या त्या पाण्यानं गेली काय?"

मी म्हणाले, पाण्याने असेल, हाताने असेल, तो पडदा दोघांना घासला त्याने असेल, कोणालाच सांगता येणार नाही.

"म्हंजी माज्या हातानं असंल," तो म्हणाला. मला नाही म्हणवलं नाही.

त्यानंतर अध्यक्षांना उपरती झाली. गोदाम रंगवलं, बाहेर 'विलगीकरण कक्ष' असा बोर्ड लावला, नारळ फोडला. पहिला त्यात गेला तो तांबडा, आणि या वेळी त्याचा मालक चकार शब्द बोलला नाही. रोज धुणं, स्वच्छ हात, हवा आणि वेळ, एवढ्यावर ती पाठ भरली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तांबडा पुन्हा किनाऱ्यावर पोरांना फिरवू लागला. माझ्या नोकरीतलं ते यशच म्हणायचं.

पांढऱ्या घोडीच्या मालकाने पाव्हण्यांकडून एक म्हातारा घोडा मागून आणला. पण वराती त्याच्या हाताला लागेनात. त्याच्याकडे घोड्यांचा रोग आहे, घोडी त्यानेच गेली, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. तो किनाऱ्यावर आला तरी सगळ्यांपासून लांब, पार दगडांकडे उभा राहायचा. एका रविवारी मी ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. तरातरा तांबड्याच्या मालकाकडे गेले. म्हटलं, तो नवा घोडा मी स्वतः तपासलाय, त्याला काही नाही, त्याचं ठाणही मी उभी राहून धुवून घेतलंय. तुमच्यासाठी त्या माणसाने आपली घोडी घालवली. निदान तुम्ही तरी त्याच्याशेजारी उभे राहा.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, लबाडीही नव्हती. तांबड्याची मान खाजवत तो अगदी आदराने म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगितलात ना, येगळा ठेवायचा म्हणून? तवा आमाला कळत नव्हता. आता कळतंय."