मूठ छातीपाशी थांबते तेव्हा

पोटची पोरगी आईचा क्लास सोडते म्हणाली, तेव्हा मी भांडले नाही, गाडी काढली. सई लहानपणापासून माझ्याकडे पारंपरिक कराटे शिकली. आता बारावी झाली आणि तिला सुट्टीभर तलासरीला राहून फ्रीस्टाइल शिकायचं होतं. म्हणजे बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, जे कामाला येईल ते. "आधी बघते, मग ठरवते," मी म्हणाले.

नाशिकहून जव्हार, कासा, मग डहाणू. घाट देखणा, रस्ता कंबरडं मोडणारा. नाश्ता जव्हारलाच उरका, पुढे धड चहासुद्धा मिळाला नाही. डहाणूजवळच चिखल्याला चिकूच्या वाडीत हजाराच्या आत खोली मिळाली आणि जेवायला ताजे बोंबील. सई समुद्रावर पळाली. मी आडवी झाले. अंग इतकं आंबलं होतं की समुद्र उद्या भेटला तरी चालणार होता.

सकाळी तलासरी. पत्र्याची शेड, खाली मॅट. शिकवणारी नीता तिथल्याच पाड्यावरची, पंचविशीतली. ना पट्टे, ना वाकून नमस्कार, पोरं थेट भिडत होती. आमच्याकडे काता असतो: ठरलेल्या हालचाली एकट्यानं, वर्षानुवर्षं घोटायच्या. इथे समोरचा काय करेल याचा नेम नाही.

"मॅडम, या ना मॅटवर. आरामात करू," नीता म्हणाली.

हौस दांडगी, गेले. तिच्या बचावात फट दिसली आणि माझा ठोसा सरळ गेला, तिच्या छातीपाशी बोटभर अंतरावर थांबला. आमच्यात यालाच गुण मिळतो. मी सवयीनं पंचाची वाट पाहिली. पंच नव्हताच. नीतानं तोच हात धरला, मला पाडलं आणि तो पिरगाळला.

"थाप मारा मॅडम! मॅटवर थाप!"

हार मानायची ती खूण मला माहीत होती, पण मारवेना. आमच्यात हरल्याचं पंच सांगतो, आपण नाही. शेवटी तिनंच सोडलं.

"असं नका करू. हात तुटला असता ना," ती घाबरून म्हणाली. "माझी पोरं पहिल्या दिवशी थापच शिकतात. ती आली की सोडायचं. नाय तर उद्या कोण येल इथं?"

मग सई उतरली. तिचीही मूठ थांबली, अगदी माझ्यासारखी. आपटली, पटकन थाप मारली, हसत उठली. परत थांबली, परत आपटली. मला कौतुक वाटलं. त्या हातात मीच होते, आणि माझ्यामुळेच ती पडत होती.

सईला नीताच्या घरी ठेवून मी एकटीच परतले. घाट कधी संपला कळलं नाही. घरी आल्यापासून क्लास घेते, पण ओरडायचा उत्साह नाही. सगळं शांत चालतं. खांदा शेकते.

काल सईचा फोन आला. "आई, आज मूठ लागली! नीताताईला, जोरात. मी सॉरी म्हणत बसले आणि तेवढ्यात त्यांनी मला पाडलं."



"सॉरी नंतर म्हणायचं," मी म्हणाले.