उजवीकडून काढलेल्या कमानी

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी सरांचे हस्तलिखित कागद भिंगाखाली धरले आणि ते "अद्भुत!" म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं, यांना कागद कळलेला नाही. कागद समजलेला माणूस आधी गुपचूप वाजवून बघतो. अद्भुत म्हणणाऱ्याला त्यावर लेख लिहायचा असतो.

सर म्हणजे माझे पियानोचे सर. छावणीच्या बाजूला राहायचे, शाळेत भूगोल शिकवायचे आणि एका मिशनरी बाईंनी मायदेशी जाताना मागे ठेवलेला पियानो संध्याकाळी घरी वाजवायचे. वडिलांनी मला त्यांच्याकडे धाडलं ते पेटी शिकायला. गंगापूरला आमच्या गावाकडच्या घरी भजन असायचं, तिथं पोरगी पेटीवर बसेल एवढीच त्यांची अपेक्षा. पियानो बघून ते म्हणाले, "एवढी मोठी पेटी भजनाला टेम्पोत घालून न्यायची व्हय?" पण सरांनी त्यांना चहा पाजला, निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगितल्या आणि मी तिथंच चिकटले.

सर स्वतः रचना करत. लिहिताना सुरांच्या डोक्यावर रेघेची एक कमान काढत. एका कमानीखालचे सूर एका श्वासात वाजवायचे आणि कमान संपली की हात उचलायचा, एवढा साधा नियम. मला मात्र पुढं पळायची घाई.

"कायको पळती गं?" सर म्हणायचे. "भडकल दरवाजातनं निघालं की मकाई दरवाजापर्यंत चालावं लागतं का नाय? का दोन्ही दरवाजे चिकटवून ठेवलेत?"

मग ते स्वतः वाजवून दाखवत. कमान संपली की हात उचलून थांबत, आणि त्या थांबण्यात आतून भाकरी थापल्याचा आवाज येई. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, भाकऱ्यांची वेळ तीच होती. पियानो चालू असेपर्यंत त्यांच्या थापा दबून जात. हात उचलला की थप थप ऐकू येई आणि पुन्हा पियानो सुरू होई. संध्याकाळ नावाची त्यांची एक रचना होती, ती माझ्या कानात अशीच बसली आहे, थापांसकट.

आता कमानींचं सांगते. सरांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झाली, म्हणजे लिहिणं उजवीकडून. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि नोकरी करायची तर मराठीत शिकवणं आलं. अक्षरं त्यांनी डावीकडून वळवून घेतली, सूरही डावीकडूनच लिहीत, पण रेघ काही वळली नाही. फळ्यावर शब्दाखाली रेघ ओढायची तर उजवीकडून. आम्ही पोरी खिदळायचो. कमानीही तशाच. पेन शेवटच्या सुरावर नेमकं टेकवायचे आणि डावीकडे झटका द्यायचे. त्या झटक्यात रेघेचं शेपूट पहिल्या सुरालाही ओलांडून आधीच्या कमानीवर जाऊन पडायचं. म्हणून कागदावर सगळ्या कमानी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. सरांना काही फरक पडत नव्हता, कुठं थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं.

सर गेले, आणि काही वर्षांनी गावाला अचानक त्यांचा अभिमान वाटू लागला. समिती झाली. अध्यक्ष झाले सरांचे शेजारी. पियानोच्या आवाजाबद्दल त्यांनी जन्मभर तक्रारी केल्या होत्या, तेव्हा सरांचं संगीत सगळ्यात जास्त त्यांनीच ऐकलं होतं हे कबूल करावं लागेल. पुस्तक छापायचं ठरलं, कार्यक्रम ठरला, आणि कागद तपासून ते वाजवायला पुण्याहून तज्ज्ञ बोलावले.

काकूंना पुस्तकाचं कौतुक नव्हतं. मला म्हणाल्या, "छापा, नायतर नका छापू. मला ते संध्याकाळचं एकदा ऐकायचंय. हे वाजवायचे तसं. डोळे मिटायच्या आधी, बस." मीच वाजवलं असतं, पण घरच्या पियानोला वाळवी लागून तो मुका झाला होता, आणि पडून मनगट मोडल्यापासून माझ्या हाताला ती रचना पेलत नव्हती. मी त्यांना म्हटलं, तज्ज्ञ वाजवणार आहेत, तसंच होईल.

समितीच्या बैठकीत तज्ज्ञांनी सिद्धान्त मांडला. कमानी एकमेकींवर चढल्या आहेत, म्हणजे रचनाकाराला विराम मान्यच नाही, हा एक अखंड श्वास आहे. 'अखंड श्वास' म्हणताना त्यांनी स्वतः दोनदा दम घेतला.

मी म्हटलं, "सर कमानी उजवीकडून काढायचे. शाई बघा, उजव्या टोकाला जाड आहे. डावीकडचं नुसतं शेपूट आहे. सर थांबायचे, मी ऐकलंय."

"आठवण हा पुरावा नसतो," तज्ज्ञ गोड हसून म्हणाले. "आणि कुठला संगीतकार रेघ उलटी काढेल?"

"इथला," मी म्हटलं.

चिवड्याच्या बश्या फिरल्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाव्हणे पुण्याहून आलेत. लई शिकलेले आहेत. आपण मतदान घेऊ." आणि खरंच घेतलं. ज्यांना त्या कागदाची वरची बाजू कुठली हेही सांगता आलं नसतं, त्यांनी हात वर करून सरांचा श्वास कोंडला. ठराव बहुमतानं मंजूर झाला. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, माझा हात धरून बसल्या होत्या. तज्ज्ञांनी 'संध्याकाळ' सुरू केली. बोटं सफाईदार होती, सूरन् सूर बरोबर होता, आणि एकदाही, कुठंही हात उचलला नाही. पहिल्या कमानीच्या शेवटी काकूंची बोटं थाप द्यायला माझ्या हातावरून उठली आणि तशीच अधांतरी राहिली. दुसरीच्या शेवटीही तेच. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पदरात ठेवला.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी त्यांना मंचावर नेऊन माइक हातात दिला. "काकू, कसं वाटलं? दोन शब्द बोला."

"लई गोड वाजवलं पाव्हण्यांनी," काकू म्हणाल्या. "पण मला भाकरी थापायला कुठं जागाच ठेवली नाय."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. तज्ज्ञ उभे राहून टाळ्या वाजवू लागले, म्हातारीचा विनोद म्हणून.

मी काकूंना धरून मंचावरून उतरवत होते. मधल्या पायरीवर त्या थांबल्या.

"का गं हसले ते?" त्यांनी विचारलं.

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना, काकू," मी म्हटलं, आणि त्यांचा पाय पुढच्या पायरीवर नीट टेकेपर्यंत थांबले.