तराजूकाकांचा हात

सगळे त्यांना तराजूकाका म्हणत. डोळे मिटून मुठीने तांदूळ काढले, तरी अर्धा किलो म्हणजे अर्धाच किलो भरायचा. त्यांचं वडिलोपार्जित दुकान एका सुपरमार्केट कंपनीने गिळलं आणि काका त्याच जागेत पाकिटं मांडायला नोकर म्हणून राहिले. पहिल्याच दिवशी तांदळाचं अर्ध्या किलोचं पाकीट हातात घेतलं आणि ते भडकले.

"यात पन्नास ग्रॅम कमी आहेत!"

मॅनेजर हसला. "मशीनने भरलंय, काका. तुमचा हात म्हातारा झालाय."

"हात म्हातारा होतो, खोटारडा होत नाही!"

पण पोटापुढे कुणाचं चाललंय? वर्षभर काका तीच पाकिटं मुकाट्याने उचलत राहिले.

परवा घरी आलेली शेजारीण गमतीने म्हणाली, "बघू, अजून जमतं का?" काकांनी ऐटीत डोळे मिटून अर्धा किलो तांदूळ काढले. काकूंनी माळ्यावरचा जुना तराजू उतरवला. तांदळाचं पारडं वरच राहिलं. त्यात पन्नास ग्रॅमचं वजन टाकलं, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"गंजलाय हो काटा," काकू घाईघाईने म्हणाल्या.

काकांनी मूठ मिटून घेतली. "काटा नाही गं."