दहा बोटांची सुट्टी

पॉलिशवाल्या काकांना हाताची दहाही बोटं होती, पण त्यातल्या एकाचाही ठसा व्हिसाच्या यंत्राला मान्य नव्हता. चाळीस वर्षं लाकडावर पॉलिशपेपर घासताना लाकूड गुळगुळीत झालंच, सोबत काकांच्या बोटांवरच्या रेघाही साफ झाल्या. कार्यालयातल्या मुलीने एकेक बोट काचेवर दाबून पाहिलं, पुसून पाहिलं, लोशन लावून पाहिलं. यंत्र आपलं लाल ते लालच.

"काका, पंधरा दिवस हातांना आराम द्या. घासकाम नाही, साबणपाणी नाही. रेघा परत येतात," ती म्हणाली. "तुमचा अर्ज एकत्र आहे, काकूंचेही ठसे तेव्हाच घेऊ. पण विमान दीड महिन्यावर आलंय, हयगय नको."

हयगय? आणि ती काकूंच्या समोर? लग्नापासून दरवर्षी कुठेतरी जायचं ठरायचं आणि दरवर्षी ऐन वेळी कुणाचं तरी कपाट चमकवायचं निघायचं. यंदा काकूंनी नवऱ्याला न विचारताच दोन तिकिटं काढली होती. त्यांना बर्फाचा डोंगर बघायचा होता. फ्रिजमधला बर्फ बघून त्यांचा जीव विटला होता.

घरी येताच काकूंनी हुकूम सोडला, "आजपासून कशालाही हात लावायचा नाही."

काकांचे पहिले तीन दिवस फार वाईट गेले. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्यांच्या बोटाला खरखरीत लागला आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना.

"अहो, टेबल कुठे पळून चाललंय का?"

"टेबल नाही गं, मी पळून जाईन!"

चौथ्या दिवसापासून मात्र, खरं सांगायचं तर, ही मनाई काकांना गोड लागू लागली. चहा हातात, ताट पुढ्यात, आणि प्रवासाची सगळी तयारी बायकोच्या गळ्यात. काकूंनी लोकरीचे कपडे धुतले, माळ्यावरच्या बॅगांची बुरशी घासघासून काढली. औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती काढल्या, तिकडच्या प्लगात बसणारी पिन आणली, भरलेली बॅग चार वेळा काट्यावर चढवली आणि चार वेळा रिकामी केली. भांडी घासता घासता "आम्ही रस्ता चुकलो आहोत" हे वाक्य परक्या भाषेत पाठ केलं. काका खुर्चीतून सूचना देत होते. बॅगेची चाकं पण जरा घासून घे म्हणाले, तीही काकूंनी घासली.

पंधराव्या दिवशी काकांची बोटं काचेवर टेकली आणि दहाच्या दहा हिरवी झाली! काकांनी आजूबाजूला असं पाहिलं, जणू वर्गात पहिला नंबर आला होता. काकूंनी तर चक्क टाळी वाजवली.

"आता तुम्ही, काकू."

काकूंनी बोटं टेकवली. लाल. पदराला पुसून पुन्हा टेकवली. लाल. लोशन लावूनही लालच. काकूंचा चेहरा एवढासा झाला. मुलीने त्यांचा तळवा उलटा करून पाहिला.

"काकू, तुम्ही काय काम करता?"

"मी? मी काही नाही करत. घरीच असते."

काकांनी तो हात बघितला. टोकं पांढरी, चिरलेली, कुठे रेघ म्हणून नाही. लाकडावरचा केसाएवढा ओरखडा ज्यांना डोळे मिटून कळायचा, त्यांना इतक्या वर्षांत हे दिसलं नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली.

"अजून दहा दिवस देता येतील," मुलगी म्हणाली. "नियम तेच. पण पाळायला हवेत."

"माझे ठसे आता परत लागणार नाहीत ना?" काकांनी विचारलं.

"नाही, तुमचं झालं."

"मग भांडी, कपडे, फरशी, सगळं माझ्याकडे."

काकूंना एवढ्या काळजीतही हसू फुटलं. "अहो, भांड्यांचा साबण कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

"नाही," काका म्हणाले, आणि त्यांना मान वर करता आली नाही.