बांधलेलं कॅरेट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरच्या घरी चहा गाळत होते. "मंदा, हे गेले वं..." एवढंच ती बोलली आणि पुढं नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. राग आला. दादाचाच. आता महिना उलटून गेला, येणाऱ्याजाणाऱ्यांचं सांत्वनही करून झालं, तरी तो राग काही पुरता उतरलेला नाही.

माझा दादा नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा अडत्या होता. उभी हयात त्यानं संत्री दक्षिणेत पाठवली. कोचीच्या एका व्यापाऱ्याशी तर त्याची वर्षानुवर्षांची ओळख, आणि तीही फक्त फोनवरची. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दोघांचंही हिंदी असं की ऐकणाऱ्याला हसू फुटावं. पण रोज सकाळी बोलल्याशिवाय दोघांनाही करमत नसे. "एक डाव जाईन, माहे संत्रे कुठं जातेत ते पाहीन," असं दादा दर हंगामात म्हणायचा आणि दर हंगाम तसाच निघून जायचा. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पोटात नळी बसवून दिली. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी उंच टांगायची, ते पाणी नळीनं पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं आणि पुन्हा नवी पिशवी. पाणी मोजून प्यायचं. संत्रं तर तोंडालाही लावायचं नाही. संत्र्याच्या ढिगात बसलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे छळच होता. पण दादानं तेही ऐकलं. एकच गोष्ट तो ऐकेना.

"गाडी तू चालव. पिशवी कुठंही लावता येते म्हन्ते नं डॉक्टर? मंग गाडीत लावू," तो मला म्हणाला. मी नोकरीतून मोकळी झालेली, गाडी चालवायची मला हौस, आणि त्याचा चेहरा असा की नाही म्हणवेना. डॉक्टरांनी काचा बंद ठेवा, हात स्वच्छ धुवा, तोंडाला मास्क लावा, असं दहादा बजावून परवानगी दिली. दादानं मेकॅनिककडून गाडीच्या छताला एक हूक बसवून घेतला. पिशव्यांचे खोके प्रवासात दबतात म्हणून त्यानं त्या आपल्या दुकानाच्या फळांच्या कॅरेटांत भरल्या. खाली भाताचं तणस, वर कागद, त्यावर सुतळीची ती त्याची खास दुहेरी गाठ. अगदी संत्री भरतात तसंच. कोचीवाल्यासाठीही निवडक संत्री तशाच कॅरेटांत बांधून ठेवलेली होती. त्यातलं एकच गाडीत न्यायचं, बाकीची मागून ट्रकनं पाठवायची, असं ठरलं होतं. निघायच्या सकाळी गोदामात खुर्चीवर बसून दादानंच बोट दाखवलं, "हे चढव, ते चढव."

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. हिंगणघाट मागं पडलं आणि दादा लहान पोरासारखा खिडकीला चिकटून बसला. समोरून जाणारा प्रत्येक संत्र्याचा ट्रक त्याला आपलाच वाटायचा. दुपारची पिशवी आम्ही डॅशबोर्डवर उन्हात ओढणीखाली कोमट करून ठेवत असू. झाडाखाली गाडी थांबवायची, काचा चढवायच्या, हुकाला पिशवी लावायची. वहिनी हात धुऊन नळी जोडायची आणि मी बाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना लांब ठेवायचे. हैदराबादला वहिनी म्हणाली, "सगळे कॅरेट एक डाव पाहून घेऊ का?" त्यावर दादा केवढ्यांदा खेकसला तिच्यावर. "बांधलेला माल रस्त्यात सोडत नसतेत! पोहोचला का मंगच सोडाचा." बाजारातला नियम होता तो. व्यापाऱ्याच्या दारात जाईपर्यंत गाठीला हात लावायचा नाही. मग लागेल तसं वरचं एकेकच कॅरेट सोडत गेलो.

बंगळुरू ओलांडून काही तास झाले होते. वरची कॅरेटं संपली होती. दुपारी एका ढाब्याच्या मागं, चिंचेखाली गाडी उभी होती. दादा मास्क लावून, हात धुऊन, मागच्या सीटवर तयार बसलेला. वहिनीनं खालच्या कॅरेटची सुतळी कापली, कागद बाजूला केला... संत्री. बंद गाडीभर वास पसरला. तिनं दुसरं कापलं. संत्री. तिसऱ्यातही तेच. आमच्या पिशव्या कळमन्याच्या गोदामात राहिल्या होत्या.

त्यानंतरचे ते तास मी कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत म्हणते. मी फोनमागून फोन करत होते. एक म्हणे उद्या मागवून देतो, दुसरा म्हणे आमच्याकडे हा प्रकारच नाही, तिसऱ्याची भाषाच मला कळेना. बंगळुरूच्या एका दवाखान्यानं घेऊन या म्हटलं. इकडं दादाची पावलं सुजत चालली होती, बोलताना धाप लागत होती, आणि तरी तो विचारत होता, "कोची किती राह्यलं?"

"दादा, मी गाडी वळवून राहिली," मी म्हणाले.

"नको वं मंदे. मरन तं घरी बसल्या बसल्याही येते. कोची थोडी घरी येनार हाये?"

वहिनीनं तिथंच, चिंचेखाली, त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं.  दादानं ढाब्यावर उभ्या असलेल्या एमएच पासिंगच्या ट्रककडं बोट दाखवलं. कळमन्याचाच माल होता, कोचीला निघालेला. "संत्रे तरी जाऊ दे." मी कॅरेटं उचलायला गेले तर त्यानं अडवलं. उघडा माल पाठवायची त्याला लाज वाटत होती. धापा टाकत, थांबत थांबत, त्यानं तिन्ही कॅरेटं पुन्हा स्वतःच्या हातानं बांधली. मला वाटलं, सुतळी ओढता ओढताच याचा जीव जाईल. ट्रक पुढं गेला आणि आम्ही मागं वळलो. ट्रक दिसेनासा होईपर्यंत दादा मागच्या काचेतून पाहत होता.

दवाखान्यात छातीतलं पाणी काढलं, पण तिथंच पोटात जंतुसंसर्ग झाला. नळी काढावी लागली. नागपूरला परतल्यावर मशीनवरचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. दादा पुन्हा दुकानात बसला नाही, आणि गाडीतही बसला तो फक्त दवाखान्यात जायला. कोचीवाल्याचा फोन यायचा. "माल बढ़िया मिला भाई. आप कब आता?" दादा म्हणायचा, "आएंगे, आएंगे." फोन ठेवल्यावर तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.  असेच काही महिने गेले, आणि मग वहिनीचा तो फोन आला.

गोदामात राहिलेली पिशव्यांची कॅरेटं वहिनीनं घरी आणून ठेवली आहेत, दादाच्या पलंगाखाली. गोदामाच्या उकाड्यात राहिल्यामुळं त्या पिशव्या आता कुणालाच द्यायच्या नाहीत, फेकून द्या, असं डॉक्टर म्हणाले. परवा वहिनीनं माझ्या हातात कात्री दिली. "काप वं मंदा. खोली मोकळी करू." मी खाली बसले. तणसाचा वास आला. सुतळीवर ती दुहेरी गाठ, घट्ट, त्याच्या हातात बळ होतं तेव्हाची. कात्री लावली... आणि हात थांबला.

"काहून थांबली?" वहिनीनं विचारलं.

"माल पोहोचला नाही ना वहिनी अजून," मी म्हणाले, आणि कॅरेट पुन्हा पलंगाखाली सरकवलं.