मशीन कोणी खोललं?

"मशीन कोणी खोललं ते मला विचारू नका भैया, ज्याने तुम्हाला विकलं त्याला विचारा," असं मी तिसऱ्यांदा सुनावलं, तेव्हा उज्जैनच्या टावर चौकातल्या त्या दुकानात मोबाइलची कव्हरं निवडणारी मंडळी कव्हरं सोडून माझ्याकडे बघायला लागली.

तुमच्यापासून काय लपवायचं? मशीन मीच खोललं होतं.

झालं असं, की लकव्यानंतर आमच्या ह्यांचा उजवा हात अडला. डॉक्टर म्हणाले, रबरी चेंडू दाबा. ह्यांनी दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी चेंडू पलंगाखाली. मग मुलाने ह्याच दुकानातून टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन घेऊन दिलं आणि तो पुण्याला परतला. हातात कांडी धरायची, हात फिरवायचा, की पडद्यावर टेबल टेनिस. जन्मभर बँकेत मान खाली घालून बसलेला माणूस रोज सकाळी आंघोळीआधी खेळायला लागला! फक्त तो चेंडू मेला फार जोरात यायचा. हे हरायचे, आणि हरले की हात मांडीवर ठेवून नुसते बसायचे. मला ते बघवेना.

मी शाळेत फारशी गेले नाही. पण इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं बघून बघून शिकले. मिस्त्रीला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. मशीन खोला, आत अशी तार लावा, पेनड्राइव्हवरून दुसरं सॉफ्टवेअर चढवा, की खेळाचा वेग तुमच्या हातात. व्हिडिओवाल्याने शेवटी दोन गोष्टी बजावल्या होत्या. वॉरंटी विसरा, आणि कंपनीचं अपडेट आलं तर चुकूनही घेऊ नका. पहिली मी ऐकली. दुसरीच्या वेळी कुकरची शिट्टी झाली.

चार दिवस हे जिंकत होते. चक्क शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं! पाचव्या दिवशी अपडेट आलं. आता मला काही राहिलेलं-पडलेलं खपतं का? दाबलं. पडदा काळा.

ह्यांनी कांडी टीव्हीखाली ठेवून दिली. हात मांडीवर ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं!

म्हणून मशीन बदलून घ्यायला ही दुकानवारी. ह्यांनाही सोबत नेलं, हात बघून कोणी नाही म्हणणार नाही म्हणून. दुकानदाराने तक्रारीच्या कागदावर माझं नाव लिहून घेतलं, मशीन उलटं केलं आणि म्हणाला, माताजी, सील तो टूटी है. म्हटलं, अशीच आली. कोणी खोललं म्हणून त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा सुनावलं.

आणि शेवटी त्याने विश्वास ठेवला हो! तिथेच घोटाळा झाला. संशय धरून राहिला असता तर मी दोन शब्द बोलून निघून आले असते. तो ज्याच्याकडून घाऊक माल उचलतो, त्या इंदूरच्या ठोकवाल्याला त्याने थेट व्हिडिओ कॉल लावला: खोललेला माल नवा म्हणून देता, म्हाताऱ्या माणसांना फसवता, आजपासून तुमचा माल बंद. तो बिचारा शपथा घेतोय. मी गप्प बसावं की नाही? पण मागे लोक माना डोलवत होते. मीही मोबाइलमध्ये तोंड घालून ठणकावलं, "जिस गधे ने खोला है ना, उसे सबके सामने हाथ जोड़ने पड़ेंगे!"

ठोकवाल्याचा आवाज एकदम उतरला. म्हणाला, माझ्या डोळ्यांसमोर उघडा, एकदा बघू तरी द्या.

दुकानदाराने पेचकस लावला. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, आणि तेव्हा कुठे मला आठवलं. आमच्या घरात चमचासुद्धा नावावाचून नाही. भांड्यांवर नाव घालायचं छोटं मशीन माझं स्वतःचं आहे, आणि जे जे मी दुरुस्त करते, त्याच्या आतल्या पत्र्यावर सवयीने...

झाकण निघालं. सौ. कुसुम मोघे, उज्जैन. तारखेसकट. खाली कमळ.

दुकानदाराने पत्रा बघितला, तक्रारीचा कागद बघितला, मग मला बघितलं. हे वाकून चष्म्यातून निरखत म्हणाले, "कमळ या वेळी चांगलं जमलंय तुला."

मोबाइलमधून ठोकवाला विचारतच होता, क्या निकला, क्या निकला. मी मोबाइल समोर उभा केला, पदर सावरला आणि म्हटलं, "भाईसाहब, वो गधा मिल गया है, आपके सामने हाथ जोड़ के खड़ा है."