मंदारचा फास्ट चार्जर

आमच्या गाडीत किस्से जमायला वेगळं काही करावं लागत नाही. क्रेगीबर्न या उपनगरातून सिटीतलं ऑफिस गाठायला सकाळी तास-सव्वा तास, परतताना त्याहून जास्त. फ्रीवेवर गाडी मुंगीच्या पावलाने निघाली की माणसं बोलायला लागतात. नवरा म्हणतो, "ट्रेनने जात जा, लवकर पोचाल." अहो, पण मग किस्से कुठून येणार!

मी शुभा. गाडी माझी, म्हणून नियमही माझे. शेजारच्या सीटवर केदार, पुण्याचा इलेक्ट्रिकल इंजिनियर. त्याला "चहा घेणार का?" विचारलं तरी उत्तर "डिपेंड्स" असं येतं. मागच्या सीटवर मंदार, चिंचवडचा, स्वभावाने लोणी. आम्ही तिघंही रेल्वेचे सिग्नल डिझाइन करणाऱ्या एकाच ऑफिसात आहोत. गेल्या वर्षभरात आमच्या गाडीत जेवढं बोलणं झालं, त्यातलं निम्मं तरी एका चार्जरबद्दल होतं. खोटं वाटेल, पण ऐका.

*

मंदार बावीस वर्षं सिगरेट ओढत होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याच्या रूपालीला दिवस गेले, आणि त्याने तिला शब्द दिला, "बाळ घरी येईल तेव्हा माझी सिगरेट सुटलेली असेल." डॉक्टरांनी त्याला पायरी म्हणून व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगरेट, दिलं. फार्मसीतून आणलेलं, पुदिन्याच्या वासाचं, आत बोटाएवढा रिचार्जेबल सेल. रूपालीला पाचवा महिना लागला तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग एका संध्याकाळी मागून सिगरेटचा वास आला. माझ्या गाडीत! मी सर्व्होवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, गाडी घेतली आणि म्हटलं, "उतर."

तो उतरला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शुभाताई, माझ्याकडे दोन सेल आहेत. पहिला बाराला संपतो, दुसरा तीनला. पहिला लगेच चार्जिंगला लावला तरी भरायला सहा तास घेतो. मग तीन वाजता माझे पाय आपोआप मागच्या गेटकडे जातात. तिथे सगळे ओढत उभे असतात. मी काय करू?"

त्याचा आवाज असा काही झाला होता की माझा राग कुठल्या कुठे गेला. मला खरंच फार वाईट वाटलं.

"आणखी सेल घे की," मी म्हटलं.

"चार घेतले तर चारही संपवीन. स्वतःला ओळखतो मी."

केदार मागे वळला. म्हणाला, "म्हणजे प्रॉब्लेम विलपॉवरचा नाहीच आहे. करंटचा आहे!"

*

फास्ट चार्जर निवडायची जबाबदारी केदारने घेतली. तिथेच चुकलं.

सोमवारी एक्सेल शीट आली. बुधवारी तिला सतरा कॉलम झाले. शुक्रवारी केदारने आम्हाला गाडीत लेक्चर दिलं. नुसता चार्जर दांडगा असून भागत नाही, सेल किती करंट पचवू शकतो ते सेल बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, ते बघायचं. मंदारला अर्ध्या-पाऊण तासात भरणारा, निळे दिवे लुकलुकणारा चार्जर आवडला होता. केदारने तो मोडीतच काढला.

"मोठ्या आचेवर पोळी लवकर होत नाही रे, करपते. तुला बारा ते तीन हवंय ना? तीन तासांत थंड डोक्याने भरणारा घेऊ. सेल गरम झाला तर स्वतःहून थांबणारा, उलटा घातला तर चालूच न होणारा."

बोलणं सोळा आणे खरं होतं. फक्त ते पटवेपर्यंत दोन आठवडे गेले, आणि त्या दोन आठवड्यांत मंदारची रोज तीन वाजता मागच्या गेटला हजेरी लागत होती. शेवटी रूपालीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"केदारभाऊजी, शीट सुंदर आहे हो. पण तुम्ही चार्जर निवडेपर्यंत बाळ तीन वाजता शाळेतून घरी यायला लागेल!"

त्याच संध्याकाळी ऑर्डर गेली.

*

चार्जर आला. छोटासा, दोन सेल बसतील असा, पुढे किती टक्के भरलं ते दाखवणारा. मंदारने तो डेस्कवर मांडला, यूएसबीची वायर कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडली आणि बारा वाजता पहिला सेल लावला. आम्ही दोघं जेवण सोडून बघायला उभे.

तीन वाजता आकडा निम्म्यावर पण पोचला नव्हता! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. केदार खवळला. त्याने विक्रेत्याला दोन पानी ईमेल लिहिली. आलेख जोडले, फोटो जोडले, खाली स्वतःच्या डिग्र्या घातल्या. 'हे उत्पादन जाहिरातीत दिल्याप्रमाणे काम करत नाही,' वगैरे. पाठवण्याआधी मला वाचून दाखवली, आणि मीही मान डोलावली. माझीसुद्धा डिग्री इलेक्ट्रॉनिक्सचीच आहे.

तिकडून एका ओळीचं उत्तर आलं. मॉनिटरमधून नको, भिंतीतल्या पॉइंटवरून लाव, मेट.

मॉनिटरचं ते भोक जेमतेम माउस चालवण्यापुरता करंट देतं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि आमच्या भरवशावर या शहरातल्या ट्रेन धावतात!

*

मग भिंतीचा पॉइंट. केदारने घरून पुण्याचा अडॅप्टर आणला, त्याला इथल्या पिनांचा कन्व्हर्टर लावला, आणि चार्जर सुसाट निघाला. दोन वाजून पन्नास मिनिटांनी शंभर टक्के! मंदार त्या दिवशी मागच्या गेटला गेला नाही. गाडीत आम्ही तिघांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ब्रेट आला. ब्रेट म्हणजे आमचा सेफ्टी ऑफिसर, सहा फूट दोन इंच, हसताना कोणी पाहिलेला नाही. इथे ऑफिसात भिंतीतल्या पॉइंटला लावायची प्रत्येक वस्तू तपासून तिला टॅग बांधलेला असावा लागतो, इलेक्ट्रिक किटलीलासुद्धा. पुण्याचा अडॅप्टर आणि त्यावर कन्व्हर्टर बघून ब्रेटने तो सगळा डोलारा उपटला आणि पारदर्शक पिशवीत घातला. पोलीस पुरावा जप्त करतात ना, अगदी तसा.

"हे कशासाठी आहे?" त्याने विचारलं.

मंदारने खरं सांगितलं. बाळाचं, रूपालीचं, तीन वाजताचं. सांगताना तो शाळेतल्या मुलासारखा उभा होता. ब्रेट पिशवी घेऊन गेला. आता तीन वाजता काय होणार म्हणून मी आणि केदार एकमेकांकडे बघत बसलो.

दीड वाजता ब्रेट परत आला. हातात इथल्याच पिनांचा नवा कोरा अडॅप्टर, त्याला ताजा टॅग. "मीही तीस वर्षं ओढत होतो," एवढंच म्हणाला आणि गेला. नंतर मी सहज त्याचं रजिस्टर बघितलं. किटलीसमोर लिहिलं होतं 'स्वयंपाकघर', प्रिंटरसमोर 'सामान्य वापर'. मंदारच्या चार्जरसमोर ब्रेटने लिहिलं होतं, 'सेफ्टी क्रिटिकल'. आमच्याकडे हा शब्द फक्त लाल सिग्नलसाठी वापरतात!

*

सगळेच किस्से हसण्याचे नव्हते. सातव्या महिन्यात एका स्कॅनमध्ये डॉक्टरांना काहीतरी शंका आली, पुन्हा तपासू म्हणाले. त्या दिवशी मंदारचे दोन्ही सेल भरलेले होते. तरी संध्याकाळी गाडीत बसल्यावर तो स्वतःहून म्हणाला, "आज ओढली मी. दोन."

केदारने तोंड उघडलं, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने मिटलं. मी चारही काचा खाली केल्या आणि हीटर लावला. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, त्यात फ्रीवे, तिघंही कुडकुडत घरी आलो. पुढच्या आठवड्यात स्कॅन स्वच्छ आला, आणि मंदारने दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

*

बाळंतपणासाठी मंदारची आई चिंचवडहून आली. आता हा बेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर घराचं कर्ज, हाताखाली सहा जण. पण सिगरेट ओढतो हे आईला कधी सांगितलेलं नाही! घरी चार्जरवर सेल लावलेले. आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय रे?"

"टॉर्चचे सेल आहेत, आई."

तीन आठवडे हा बाबा 'टॉर्च' घेऊन अंगणात जात होता. सुट्टीच्या दिवशी तर भर दुपारी. रूपालीला हसू आवरेना, पण तिने नवऱ्याची लाज राखली. एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. मंदार बाहेर जाऊन आला, ताटावर बसला. आईंनी त्याला आमटी वाढली आणि शांतपणे म्हणाल्या,

"मंदार, तुझ्या टॉर्चला पुदिन्याचा वास येतो रे."

केदारला ठसका लागला. मंदारचा घास हातातच राहिला. आई पुढे म्हणाल्या, "आधीच्या टॉर्चपेक्षा हा बरा. कॉलेजात होतास तेव्हापासून धुते आहे तुझे शर्ट." आणि भात वाढायला उठल्या.

*

त्यानंतर आई आमच्या कमिटीत आल्या. झालं असं, की मंदारने भरलेला सेल तसाच पँटच्या खिशात टाकला, घराच्या किल्ल्यांबरोबर. फ्रीवेवर तो एकदम ओरडला, "चटका बसतोय!" मी गाडी कडेला घेतली. हा बाहेर पडून रस्त्याच्या कडेला नाचतोय, किल्ल्या एकीकडे, सेल दुसरीकडे, आणि केदार शॉर्ट सर्किटवर भाषण देतोय. नशीब, पोळण्यापलीकडे काही झालं नाही.

आईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सेल डबीत घालून दिले. घट्ट झाकणाची, चकचकीत, स्टीलची डबी!

"स्टील?" केदार किंचाळला. "शुभाताई, गाडी थांबव!"

आपल्या बायका सेलच काय, जगातली कुठलीही मौल्यवान वस्तू स्टीलच्या डब्यातच ठेवणार. त्यांचा काही दोष नाही. धातूचा धातूला स्पर्श झाला की काय होतं ते केदारने फोनवर आईंना अर्धा तास समजावलं. आई म्हणाल्या, "एवढंच ना? प्लास्टिकची देते." दुसऱ्या दिवशी हिंगाच्या दोन रिकाम्या डब्या आल्या. एका डबीत एक सेल असा मापात बसला, जणू त्याच्यासाठीच केल्या असाव्यात. केदारने सगळ्या बाजूंनी तपासून मंजुरी दिली.

चार दिवसांनी मी मंदारला विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं आहे," तो म्हणाला. "पुदिना आणि हिंग. जलजीरा ओढल्यासारखं वाटतं."

*

मुलगी झाली. मंदारने हॉस्पिटलमधून फोन केला. शब्द त्याने पाळला होता. स्कॅनच्या त्या दिवसानंतर त्याने एकही सिगरेट ओढली नव्हती. आता सोडायचं राहिलं होतं ते फक्त व्हेप.

मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. शनिवारची दुपार. गाडीच्या किल्लीचा सेल बदलायला मी आमच्या इथल्या बॅटरीच्या दुकानात गेले, तर काउंटरवर मंदार. शेजारी प्रॅम, प्रॅममध्ये लेक गाढ झोपलेली. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर. मी मागेच उभी राहिले, त्यांचं काय चाललंय ते ऐकत.

"या सेलसाठी तुमच्याकडे सगळ्यात स्लो चार्जर कोणता आहे?"

"फास्ट म्हणायचंय ना, मेट?"

"नाही. स्लो."

दुकानदाराने चष्मा खाली घेतला. "एवढी वर्षं दुकान चालवतोय, हे मला कोणी विचारलं नव्हतं." मग त्याने मंदारकडे बघितलं, वाकून प्रॅममध्ये बघितलं, आणि खालच्या खणातून एक खोका काढला. वरची धूळ फुंकली.

"खरं सांगू? हा घेऊ नकोस. एका वेळी एकच सेल बसतो, आणि तो भरायला अख्खा दिवस लावतो."

मंदारने एका हाताने प्रॅम हलवत विचारलं, "लेखी गॅरंटी मिळेल?"